ज्याच्या मैदानावर गोल कमी, तो पुढे: अवे गोलच्या नियमाचं गणित

५ मार्च २०२१. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) उपांत्य फेरीची पहिली लढत: एफसी गोवा २, मुंबई सिटी २. तीन दिवसांनी बांबोळीला परतीची लढत: ०-०. दोन्ही लढतींची बेरीज २-२. जादा वेळेतही कुणाचा गोल झाला नाही. पेनल्टींचा टायब्रेकर लागला आणि तो मुंबईने ६-५ असा जिंकला.

त्या लढतीला अवे गोलचा नियम (बेरीज बरोबरीत आली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) लावला असता, तर टायब्रेकरपर्यंत गोष्ट गेलीच नसती. फातोर्डा कागदावर गोव्याचं घर होतं, बांबोळी कागदावर मुंबईचं. मुंबईने परक्या मैदानावर दोन गोल केले होते, गोव्याने एकही नाही. म्हणजे बांबोळीला नव्वद मिनिटं संपली की मुंबई सरळ अंतिम फेरीत.

पण परकं मैदान म्हणायचं कशाला? कोविडमुळे तो अख्खा मोसम गोव्यातल्या तीन मैदानांवर, रिकाम्या स्टँडसमोर खेळवला गेला: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. मुंबईचे खेळाडूही महिनोन्महिने गोव्यातच मुक्कामाला होते. फातोर्ड्याहून बांबोळीला पोचायला तासही लागत नाही. घर कुणाचं आणि पाहुणा कोण, हे फक्त वेळापत्रकात कुणाचं नाव आधी छापलंय यावरून ठरत होतं. अशा ठिकाणी अवे गोल मोजणं चुकीचं झालं असतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. घर खरोखरच घर असतं आणि मैदान खरोखरच परकं, तेव्हा तरी हा नियम न्यायाचा होता का?

आधी नियम नीट समजून घेऊ, कारण यात बरेच जण एका ठिकाणी चुकतात.

दोन संघ एकमेकांशी दोनदा खेळतात, एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या. दोन्ही लढतींतले गोल एकत्र करायचे. ज्याची बेरीज जास्त, तो पुढे. इथे अवे गोल बघायचेच नाहीत. बेरीज बरोबरीत आली, तरच दुसरी पायरी: प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर कुणी जास्त गोल केले? ज्याने केले तो पुढे. तेही सारखेच निघाले तर जादा वेळ, आणि मग टायब्रेकर.

‘अवे गोल दुप्पट मोजतात’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही. समजा, ‘अ’ संघाने घरी ४-२ असा विजय मिळवला आणि परतीच्या लढतीत ‘ब’ने त्याच्या घरी १-० असा. बेरीज ‘अ’ ४, ‘ब’ ३. ‘अ’ पुढे गेला, विषय संपला. आता अवे गोल खरंच दुप्पट धरा: ‘ब’चे दोन अवे गोल चार होतात, घरचा एक मिळवून पाच, आणि ‘अ’चे चारच राहतात. म्हणजे हरलेला संघ पुढे जाईल. नियम असं काही सांगत नाही. अवे गोल फक्त बरोबरी फोडायला वापरतात.

हा नियम आला कुठून? दोन लढतींनंतर बरोबरी झाली की पूर्वी तिसरी लढत तटस्थ मैदानावर खेळवत, आणि तीही बरोबरीत सुटली तर चक्क नशीब. मार्च १९६५ मध्ये युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन यांच्या दोन्ही लढती ०-० सुटल्या. रॉटरडॅमला तिसरी लढत झाली, ती २-२. शेवटी चकती उडवली, तर ती पहिल्या खेपेला चिखलात उभीच रुतली! पुन्हा उडवली आणि लिव्हरपूल पुढे गेला. पाच तास फुटबॉल खेळून निकाल चकतीवर. याहून बरं काहीतरी हवं होतं.

पुढच्याच मोसमात, १९६५-६६ मध्ये, युएफाने (युरोपीय फुटबॉलची संघटना) कप विनर्स कपमध्ये (देशोदेशीच्या कप विजेत्यांची स्पर्धा) अवे गोलचा नियम आणला. त्याचा पहिला लाभ बुडापेस्टच्या होनवेद संघाला झाला. दुकला प्रागविरुद्ध त्यांनी प्रागमध्ये ३-२ असा विजय मिळवला, घरी ते १-२ असे हरले. बेरीज ४-४, होनवेदचे अवे गोल तीन, दुकलाचे दोन. पेनल्टीचे टायब्रेकर युरोपीय स्पर्धांत १९७०-७१ पासून आले, म्हणजे हा नियम टायब्रेकरपेक्षाही वयाने मोठा.

नियमामागे दोन हेतू होते. एक, तिसरी लढत आणि नाणेफेक टाळायची. दुसरा, आणि तो जास्त महत्त्वाचा: पाहुण्या संघाला हल्ला करायला लावायचं. साठच्या दशकात परक्या देशात खेळायला जाणं सोपं नव्हतं. प्रवास लांबचा आणि थकवणारा, मैदान अनोळखी, प्रतिस्पर्धी कसा खेळतो हे आधी पाहायला चित्रफीत नाही, आणि प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याखाली दबणारे रेफरी. पाहुणे संघ दहा जण गोलसमोर उभे करून कमीत कमी फरकाने हरण्याचा हिशेब करत. तिथे केलेल्या गोलला जास्त किंमत दिली, की ते थोडे तरी पुढे येतील, अशी कल्पना.

आता गणित. हे एकदा डोक्यात बसलं की अवे गोलची कुठलीही लढत पाच सेकंदांत सोडवता येते.

बेरीज बरोबरीत आहे याचा अर्थ काय? ‘अ’ने आपल्या घरी जितक्या फरकाने जिंकलं, बरोबर तितक्याच फरकाने ‘ब’ने त्याच्या घरी जिंकलं. (फरक शून्यही असू शकतो, किंवा दोघेही आपापल्या घरी हरलेले असू शकतात.) बेरीज बरोबरीत असेल तर हे असंच असतं, याला अपवाद नाही. म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा दोघांनी अगदी सारखा उचललेला असतो. मग अवे गोल नेमकं काय वेगळं काढतात? फरक सारखा असल्यामुळे, ज्याने परक्या मैदानावर जास्त गोल केले, त्याने तिथे जास्त खाल्लेलेही असतात. १-० आणि १-२ घ्या. पाहुण्या म्हणून एक गोल करणाऱ्याने तिथे दोन खाल्ले. दुसऱ्याने परक्या मैदानावर काही केलं नाही, पण तिथे एकच खाल्ला. दोन्ही ठिकाणी यजमान एका गोलने जिंकला. एकाच गोष्टीत फरक आहे: एका मैदानावर एकूण एक गोल झाला, दुसऱ्यावर तीन.

म्हणून अवे गोलचा नियम दुसऱ्या शब्दांत असा सांगता येतो: बेरीज बरोबरीत असेल, तर ज्याच्या मैदानावर एकूण गोल कमी झाले, तो पुढे. हा नियमाचा अंदाजे अर्थ नाही, तोच नियम आहे, फक्त दुसऱ्या बाजूने पाहिलेला.

पडताळून बघा. २००३ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत एसी मिलान आणि इंटर: मिलानच्या घरी ०-०, इंटरच्या घरी १-१. मिलानच्या घरी गोल कमी, मिलान पुढे. २०१८ मध्ये बार्सिलोनाने घरी रोमाला ४-१ असं हरवलं, रोमाने घरी ३-० असा विजय मिळवला. तिकडे पाच, इकडे तीन, रोमा पुढे. २०१९ मध्ये टॉटनहॅमच्या घरी आयाक्स १-० ने जिंकला, आणि ॲमस्टरडॅमला टॉटनहॅम ३-२ ने, शेवटचा गोल भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला. एक आणि पाच, टॉटनहॅम पुढे. फातोर्ड्याला चार, बांबोळीला शून्य. नियम असता तर मुंबई पुढे.

या रूपात नियम पाहिला की त्याच्या न्यायाबद्दलचा वाद एकदम स्वच्छ होतो. ‘परक्या मैदानावर शौर्य दाखवणाऱ्याला बक्षीस’ असं जे सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. बक्षीस तितकंच ‘आपल्या घरी खेळ बंद ठेवणाऱ्या’लाही आहे. १-० ला जिंकून दारं लावून बसलेला यजमान आणि परक्या गावात दोन गोल मारणारा धाडसी पाहुणा, हे एकाच नियमाचे दोन लाभार्थी आहेत, आणि बहुतेक वेळा तो एकच संघ असतो.

शिवाय घरच्या मैदानाचा फायदा भरून काढायला वेगळा नियम लागतोच कशाला? दोघांनाही एकेक लढत घरी मिळते, तिथेच हिशेब पुरा होतो. अवे गोल त्याच गोष्टीची दुसऱ्यांदा भरपाई देतात. त्यामुळे ‘परक्या मैदानावर गोल करणं अवघड, म्हणून त्याला जास्त मोल’ हा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण नीट तपासला की टिकत नाही. नियमाचं खरं समर्थन एकच होऊ शकतं: त्याने खेळ चांगला होतो. पाहुणे पुढे येतात, कोंडी फुटते. साठच्या दशकात हे समर्थन मजबूत होतं. पुढे ते उलटं फिरलं.

कसं, ते पहिल्या लढतीच्या यजमान प्रशिक्षकाच्या जागी बसून बघा. घरी १-० जिंकलात आणि २-१ जिंकलात, दोन्ही विजय एका गोलचे. पण परतीच्या लढतीत दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा.

१-० नंतर: तिकडे ०-१ हरलात तर सगळं सारखं, जादा वेळ. १-२ हरलात तरी तुम्ही पुढे. थेट बाहेर जायला दोन गोलांनी हरावं लागतं.

२-१ नंतर: तिकडे ०-१ हरलात की थेट बाहेर. १-२ हरलात तर जादा वेळ. पुढे जायचं तर एका गोलने हरताना किमान दोन गोल करून, २-३ असं हरायला हवं.

घरी खाल्लेल्या त्या एका गोलने विजयाची किंमत इतकी उतरते. आता घरी १-० आघाडी आहे आणि वीस मिनिटं उरलीत. दुसऱ्या गोलसाठी दोन्ही बॅक (कडेचे बचावपटू) पुढे पाठवायचे का? २-० झालं तर उत्तम. पण प्रतिहल्ल्यात १-१ झालं, तर परतीच्या लढतीत समोरच्याला ०-० सुद्धा पुरतं. शहाणा प्रशिक्षक बॅक मागेच ठेवतो. घरचे हजारो प्रेक्षक पुढे चला म्हणून ओरडत असतात आणि संघ चेंडू बाजूला-बाजूला फिरवत वेळ काढतो. पाहुण्याला धीट करायला आणलेल्या नियमाने यजमानाला भित्रं केलं. नियम काढताना युएफाचे अध्यक्ष अलेक्झांडर चेफेरिन यांनी दिलेलं कारण हेच होतं: विशेषतः पहिल्या लढतीत यजमान संघ हल्ला करायला कचरतात.

एका गोलने गणित किती उड्या मारतं याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण २०१७ मधलं बार्सिलोना-पॅरिस सेंट जर्मेन. पॅरिसमध्ये ४-०. परतीच्या लढतीत बार्सिलोना ३-० ने पुढे. आणखी एक गोल केला की बेरीज ४-४ आणि जादा वेळ. मग ६२ व्या मिनिटाला पॅरिसच्या कवानीने एक गोल मारला. आता ५-१ केलं तरी बेरीज ५-५ आणि पॅरिसचा एक अवे गोल, म्हणजे बार्सिलोना बाहेर. एका गोलने बार्सिलोनाची गरज एकावरून तीनवर गेली. ते तीन गोल त्यांनी शेवटच्या काही मिनिटांत केलेही, ६-१, आणि ती रात्र अजून लोक विसरलेले नाहीत. नियमाच्या बाजूने बोलणारे हीच रात्र दाखवतात: असा थरार दुसऱ्या कुठल्या नियमाने येतो? थरार येतो, हे खरं. पण कवानीच्या त्या गोलला बार्सिलोनाच्या तीन गोलांपैकी कुठल्याही गोलपेक्षा जास्त वजन का, याचं उत्तर थरारात मिळत नाही.

नियमातली सगळ्यात कच्ची जागा मात्र जादा वेळेत आहे. तीस मिनिटं नेहमी परतीच्या लढतीच्या मैदानावरच खेळतात. तिथला यजमान म्हणतो, आम्हाला घरची ३० मिनिटं जास्त मिळाली. पाहुणा म्हणतो, मला अवे गोल करायला १२० मिनिटं मिळाली, त्यांना पहिल्या लढतीत ९० च होती. दोघांचंही बरोबर! आपल्या सूत्राने बघा: जादा वेळेत वाढू शकतात ते फक्त एकाच मैदानावरचे गोल. म्हणून जादा वेळेत १-१ झालं की यजमान बाहेर, २-२ झालं तरी बाहेर. मार्च २०२१ मध्ये युव्हेंटसचं असंच झालं. पोर्तोच्या घरी २-१, तूरिनला नव्वद मिनिटांनंतर युव्हेंटस २-१, सगळं सारखं. ११५ व्या मिनिटाला पोर्तोची फ्री किक आत गेली. युव्हेंटसने दोनच मिनिटांत गोल करून ती लढत ३-२ अशी जिंकली, बेरीज ४-४, आणि स्पर्धेतून बाहेर गेले. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत नियमच गेला.

जादा वेळेतला अवे गोल मोजायचा की नाही, यावर खुद्द रेफरीही गोंधळले आहेत. १९७१ मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सने स्पोर्टिंग लिस्बनला घरी ३-२ असं हरवलं. लिस्बनला जादा वेळेनंतर स्पोर्टिंग ४-३ ने जिंकला. बेरीज ६-६. रेफरीने टायब्रेकर घ्यायला लावला, स्पोर्टिंगने तो जिंकला, मैदानावर जल्लोषही झाला. मग नियमाचं पुस्तक उघडलं गेलं: रेंजर्सचे अवे गोल तीन, स्पोर्टिंगचे दोन. टायब्रेकर रद्द, रेंजर्स पुढे. त्या मोसमाचा कप विनर्स कप शेवटी रेंजर्सनेच जिंकला.

आता घरच्या मैदानाचा फायदा किती उरला, ते पाहू. नियम काढताना युएफाने पुरुषांच्या स्पर्धांचे आकडे दिले. सत्तरच्या दशकाच्या मध्यात यजमान ६१ टक्के सामने जिंकत, पाहुणे १९ टक्के. आता ते ४७ आणि ३० वर आले. दर सामन्यामागे यजमानाचे गोल सरासरी २.०२ आणि पाहुण्याचे ०.९५ असत, ते १.५८ आणि १.१५ झाले. यातून एक साधा हिशेब निघतो. पूर्वी दर शंभर गोलांत पाहुण्यांचे साधारण ३२ असत, आता ४२. दुर्मीळ गोष्टीला जास्त भाव देणं समजू शकतं. पण शंभरात बेचाळीस म्हणजे दुर्मीळ नव्हे. विमानप्रवास सोपा झाला, मैदानं बहुतेक ठिकाणी १०५ बाय ६८ मीटरची आणि एकसारखी राखलेली झाली, प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक सामना पाहून जाता येतं, आणि व्हीएआर (रेफरीचा निर्णय व्हिडिओवर तपासण्याची पद्धत) आल्यापासून प्रेक्षकांच्या दबावाखाली दिलेली पेनल्टी टिकणंही अवघड झालं.

याच्या भरीला कागदी घरांचे प्रकार. वर सांगितलेली मिलान आणि इंटर यांची २००३ ची लढत दोन्ही वेळा एकाच सान सिरो मैदानावर झाली! तेच गवत, तेच ड्रेसिंग रूमचे बोळ, फक्त तिकिटं विकणारा क्लब बदलला. आणि परतीच्या लढतीतल्या कागदी पाहुणेपणावर मिलान अंतिम फेरीत गेला. २०२१ मध्ये प्रवासबंदीमुळे बेनफिका-आर्सेनल यांच्या लढती रोम आणि ग्रीसमधल्या पिरेयस इथे झाल्या. दोन्ही संघांपैकी कुणाचंच ते घर नव्हतं, तरी अवे गोल मोजले जात होते. पिरेयसला २-२ असताना आर्सेनल अवे गोलवर बाहेर जात होता. ८७ व्या मिनिटाच्या गोलने तो वाचला.

सगळ्यात विचित्र प्रकार २०१४ चा. वॉर्सॉच्या लेगियाने सेल्टिकला घरी ४-१ आणि परतीच्या लढतीत २-० असं हरवलं, म्हणजे मैदानावर ६-१. पण परतीच्या लढतीत शेवटच्या काही मिनिटांसाठी लेगियाने ज्याला उतरवलं, त्याची बंदी पूर्ण झालेली नव्हती. आधीच्या फेरीच्या नोंदणी यादीत नावच नसल्यामुळे तेव्हा बाहेर बसलेले सामने बंदीत धरले गेले नाहीत. शिक्षा म्हणून ती लढत सेल्टिकला ३-० अशी बहाल झाली. बेरीज ४-४, आणि वॉर्सॉत केलेल्या एकमेव गोलवर सेल्टिक पुढे. चूक लेगियाच्या कार्यालयाची, हे मान्यच. पण प्रत्यक्षात कुणी न मारलेल्या तीन गोलांनी बरोबरी साधायची आणि मग ती अवे गोलवर फोडायची, ही साखळी पाहून नियमाच्या मर्यादा लक्षात येतात.

२४ जून २०२१ रोजी युएफाने नियम रद्द केला आणि २०२१-२२ च्या मोसमापासून तो गेला. दक्षिण अमेरिकेच्या संघटनेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तसंच ठरवलं. आशियाई क्लब स्पर्धांतून तो २०२३-२४ पासून गेला. आफ्रिकेत मात्र तो चालू राहिला: मे २०२३ मध्ये कॅसाब्लँकाच्या विदादने दक्षिण आफ्रिकेच्या सनडाउन्सशी घरी ०-० आणि प्रिटोरियाला २-२ अशी बरोबरी केली आणि आफ्रिकन चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत पोचला. आफ्रिकेतली अंतरं, हवामानातला फरक आणि प्रवासाचे हाल पाहता तिथे नियम टिकला, यात तर्क आहे. घरच्या मैदानाचं वजन सगळीकडे सारखं कमी झालेलं नाही. आपल्याकडेच बघा, समुद्रकाठच्या दमट हवेत सराव करणाऱ्या गोव्याच्या पोरांना साधारण १,५०० मीटर उंचीच्या शिलाँगला धावायला लावलं की फरक जाणवतोच.

तरीही नियम गेला ते योग्यच झालं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण वर दाखवलं तेच: अंतर कितीही असो, दोघांनाही एकेक लढत घरी मिळाली की त्याचा हिशेब पुरा होतो.

पण नियम काढल्याने सगळं न्याय्य झालं असं नाही. मागे राहिली ती जादा वेळेची ३० मिनिटं. पूर्वी त्या वेळात यजमानाकडे घरचे प्रेक्षक असत आणि पाहुण्याकडे अवे गोलचा आधार. आता पाहुण्याचा आधार काढून घेतला, यजमानाचे प्रेक्षक तसेच आहेत. मे २०२२ मध्ये रेआल माद्रिद आणि मँचेस्टर सिटीची उपांत्य लढत आठवा. मँचेस्टरला सिटी ४-३, माद्रिदला नव्वद मिनिटांनंतर रेआल २-१. रेआलचे दोन्ही गोल शेवटच्या क्षणांतले. बेरीज ५-५. जुन्या नियमाने रेआल तिथेच पुढे गेला असता: मँचेस्टरला सात गोल, माद्रिदला तीन. नव्या नियमाने सिटीला आणखी एक संधी मिळाली, पण ती माद्रिदच्या प्रेक्षकांसमोर. ९५ व्या मिनिटाला पेनल्टीवर रेआल जिंकला.

परतीची लढत घरी मिळणं हे कमावलेलं असेल, म्हणजे लीगमध्ये किंवा गटात वर राहिलेल्या संघाला ती दिली असेल, तर ही ३० मिनिटं त्याचं बक्षीस मानता येतील. सोडतीत चिठ्ठी निघाली म्हणून मिळाली असेल, तर तो उघड पक्षपात आहे. दक्षिण अमेरिकेच्या कोपा लिबेर्तादोरेसमध्ये बाद फेरीच्या दोन लढतींनंतर बरोबरी राहिली की जादा वेळ न खेळता सरळ टायब्रेकर होतो. दोन लढतींच्या रचनेला हा मार्ग जास्त शोभतो. १८० मिनिटं समसमान वाटून दिली, त्यात निकाल लागला नाही, तर उरलेला निकाल एका घरच्या अर्ध्या तासावर सोपवू नये.

हे सगळं आपल्या गावच्या स्पर्धांनाही लागू पडतं. गोव्यात क्लब भरपूर आणि चांगली मैदानं मोजकी, त्यामुळे फातोर्डा, टिळक मैदान किंवा म्हापशाचं धुळेर मैदान वाटून घ्यावं लागतं. तेव्हा उपांत्य फेरी दोन लढतींची ठेवायचा विचार असेल, तर माहितीपत्रकात चार गोष्टी आधीच लिहा. बेरीज बरोबरीत आल्यास अवे गोल धरणार की नाही, हे एका वाक्यात. धरणार असाल तर जादा वेळेतले धरायचे का, हे वेगळ्या वाक्यात. हे वाक्य लिहिलेलं नसेल तर स्पोर्टिंग आणि रेंजर्ससारखा घोळ होतो. दोन्ही लढती एकाच मैदानावर किंवा तटस्थ मैदानावर हलवाव्या लागल्या तर नियम आपोआप रद्द, हेही नमूद करा. आणि एखादा संघ आलाच नाही किंवा नोंदणी नसलेला खेळाडू उतरवला म्हणून लढत ३-० बहाल केली, तर ते गोल बेरजेत धरायचे का, की तो संघ सरळ बाद. गावच्या स्पर्धेत सरळ बाद करणंच बरं, हिशेबाचे वाद होत नाहीत. दोन्ही कप्तानांच्या आणि रेफरीच्या सह्या पहिल्या लढतीआधी घ्या, परतीच्या लढतीआधी नव्हे. तेव्हा प्रत्येकाला आपल्या सोयीचा अर्थ दिसू लागलेला असतो.

जादा वेळ ठेवायचा असेल तर घड्याळही बघा. डिसेंबरात गोव्यात सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो. चारला सुरू झालेला सामना मध्यंतर आणि भरपाई वेळ धरून पावणेसहा-सहाला संपतो. त्यावर ३० मिनिटं आणि मधली पाच मिनिटं घातली की साडेसहा, आणि टायब्रेकर अजून बाकीच. कापणी झालेल्या शेतातल्या मैदानाला दिवे नसतात. म्हणून एकतर सामना तीनला सुरू करा, नाहीतर जादा वेळ वगळून सरळ टायब्रेकर घ्या, म्हणजे दोन्ही गोलकीपरांना चेंडू दिसेल.